चेकच्या पाठीमागची सही

निळा घट्ट पोशाख, खांद्यावरून पाठीवर सोडलेली लाल झूल आणि छातीवर इंग्रजी 'एस'. हे चित्र ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. मुलांच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर ते कुठेही भेटतं. आजोबांना ते ठाऊक असतं आणि नातवालाही. पण हा सुपरमॅन निर्माण कोणी केला, असं विचारलं की घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. शेरलॉक होम्स म्हटलं की कॉनन डॉयल आठवतो, फास्टर फेणे म्हटलं की भा. रा. भागवत. सुपरमॅन म्हटलं की मात्र कोणीच आठवत नाही.

त्याच्या लेखकाचं नाव जेरी सीगल. चित्रं काढणारा त्याचा शाळासोबती जो शुस्टर. दोघांचा जन्म १९१४ चा. हे नाव आपल्याला माहीत नाही यात आपला फारसा दोष नाही. जवळजवळ अठ्ठावीस वर्षं ते नाव सुपरमॅनच्या पानांवर छापलंच जात नव्हतं. ते परत छापलं जावं म्हणून या माणसाने आपलं अर्धं आयुष्य खर्ची घातलं.

मी बँकेत तीसेक वर्षं काढली आणि त्याच काळात कादंबऱ्याही लिहिल्या. बँकेतल्या माणसाला एक खोड लागते. कोणाचंही चरित्र वाचताना तो जन्ममृत्यूच्या सनांआधी त्या माणसाने कोणत्या कागदांवर सह्या केल्या ते शोधतो. सीगलच्या आयुष्यात असा एक कागद आहे. १ मार्च १९३८ या तारखेचा, ४१२ डॉलरचा चेक. त्याच्याकडे जाण्याआधी हा मुलगा तिथवर पोचला कसा, ते पाहू.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड हे कारखान्यांचं शहर आहे. लिथुआनियातून पोट भरायला आलेलं एक ज्यू कुटुंब तिथे राहत होतं. सहा भावंडांत जेरी धाकटा. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. मुलगा बुजरा, चष्मिस्ट, खेळात कच्चा, पण वैज्ञानिक साहसकथांची स्वस्त मासिकं मिळतील तिथून आणून वाचणारा. ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्याला जो शुस्टर भेटला. शुस्टर कॅनडातल्या टोरांटोहून आलेला, शिंप्याचा मुलगा. घरात थंडीत शेकोटीला पैसे नसत, म्हणून तो अंगावर दोन-तीन स्वेटर चढवून चित्रं काढी. कागदाला पैसे नसत, म्हणून भिंतीला लावायच्या कागदाची मागची बाजू वापरी. नजर तेव्हापासूनच अधू. कागद डोळ्यांजवळ नेल्याशिवाय त्याला रेघ दिसत नसे. एकाच्या डोक्यात गोष्टींची गर्दी, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. दोघांना एकमेकांशिवाय तिसरा मित्र जवळपास नव्हताच.

जून १९३२ मध्ये जेरीच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले. त्या झटापटीत वडील कोसळले आणि हृदय बंद पडून गेले. जेरी सतरा वर्षांचा होता. ते महामंदीचे दिवस होते, घरोघरी बेकारी होती. आणि या मृत्यूनंतरच्या वर्ष-दोन वर्षांत या मुलाच्या डोक्यात एक असा माणूस आकार घेऊ लागला, की ज्याच्या अंगाला गोळी लागली तरी ती वाकडी होऊन खाली पडते. या दोन गोष्टींचा संबंध पुढे अनेक अभ्यासकांनी जोडला. सीगलने स्वतः वडिलांच्या मृत्यूबद्दल जाहीरपणे फारसं कधी सांगितलं नाही. कादंबरीकार म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. जे आपल्याला सांगता येत नाही, त्याचीच आपण गोष्ट करतो.

पहिला सुपरमॅन मात्र खलनायक होता. जानेवारी १९३३ मध्ये या दोघांनी सायक्लोस्टाइल केलेल्या आपल्या घरगुती मासिकात एक गोष्ट छापली. तिच्यात टक्कल असलेला एक माणूस अचाट शक्ती मिळवून जगावर सत्ता गाजवू पाहतो. लवकरच सीगलला वाटलं की एवढी शक्ती सज्जन माणसाच्या हाती दिली तर? नव्या सुपरमॅनची चित्रकथा तयार झाली, ती एका प्रकाशकाला दाखवली, पण काही जमलं नाही. शुस्टरने निराश होऊन ती सगळी पानं जाळून टाकली. मुखपृष्ठ तेवढं सीगलने वाचवलं. मध्यंतरी सीगलने दुसऱ्या चित्रकाराकडेही चाचपणी केली, पण गाडी पुन्हा शुस्टरपाशीच आली. मग त्या पोशाखाचा, दुसऱ्या ग्रहावरून बाळपणी पाठवलेल्या पोराचा आणि क्लार्क केंट नावाच्या भिडस्त, चष्मेवाल्या बातमीदाराचा जन्म झाला. वरून बावळट दिसणारा, मुली ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत असा क्लार्क केंट कोणावरून काढला, हे वेगळं सांगायला नको.

नायिका लोइस लेन हिच्यासाठी शुस्टरला समोर बसवून चित्र काढायला कोणीतरी हवं होतं. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पाहून त्याने एका शाळकरी वयाच्या मुलीला बोलावलं. तिचं नाव जोअॅन. ती पुढे या कथेत परत येणार आहे.

तयार सुपरमॅन घेऊन ही जोडी वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या एजन्सींच्या दारांत वर्षानुवर्षं उभी राहिली. सगळीकडून नकार आला. दरम्यान १९३५ पासून न्यूयॉर्कच्या नव्या कॉमिक मासिकांत त्यांच्या इतर चित्रकथा येऊ लागल्या होत्या. हेरांच्या, भुताखेतांच्या, मारामारीच्या. दर पानाला ठरलेला दर, पैसे कधी वेळेवर, कधी उशिरा. मग १९३८ च्या सुरुवातीला त्या कंपनीच्या नव्या मालकांना एक नवं मासिक काढायचं होतं आणि पानं भरायला मजकूर हवा होता. सुपरमॅनचे जुने नमुने मागवले गेले. वृत्तपत्राच्या पट्टीच्या मापाने काढलेली चित्रं या दोघांनी कात्रीने कापून, मासिकाच्या पानावर चिकटवून, तेरा पानं तयार केली. दर पानाला १० डॉलर. तेरा पानांचे १३०.

आता तो चेक. ४१२ डॉलरच्या त्या चेकवर कशाचे किती, हे समोरच लिहिलेलं आहे. त्यात २१० डॉलर एका मासिकातल्या कामाचे, दुसऱ्या दोन मासिकांतल्या कामाचे छत्तीस-छत्तीस आणि सुपरमॅनचे १३०. त्या वेळच्या विनिमयाच्या दराने १३० डॉलर म्हणजे आपले साडेतीनशे रुपये. दोघांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी पाऊणदोनशे. याच व्यवहारात त्यांनी एक कागद सही करून दिला. त्यानुसार सुपरमॅन हे पात्र, त्याचं नाव आणि त्याच्यावरचे सगळे हक्क कायमचे कंपनीचे झाले.

त्या चेकवर या दोघांची आडनावं चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेली आहेत. आता चेकवर नाव चुकलं की काय करायचं, हे काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा. पाठीमागे आधी जसं चुकीचं नाव आहे तशी सही करायची आणि मग खाली खरी. सीगल आणि शुस्टर यांनी नेमकं तेच केलं. त्यामुळे त्या चेकच्या पाठीवर दोघांच्या दोन-दोन सह्या आहेत, एक चुकीच्या नावाची, एक खऱ्या. ज्या कंपनीने त्यांच्याकडून सुपरमॅन घेतला, तिला त्यांचं नाव त्या दिवशी नीट लिहिताही आलेलं नव्हतं.

बँकवाला म्हणून माझ्यासमोर हा कागद आला असता तर मी तो पास केला असता. रक्कम अक्षरी-अंकी जुळते, सह्या आहेत, जबरदस्ती नाही. तेवीस वर्षांच्या सज्ञान मुलांनी राजीखुशीने केलेला व्यवहार आहे. त्या धंद्यात रीतही तीच होती. पानाचे पैसे घ्या आणि विसरून जा. तो नाकारला असता तर सुपरमॅन परत ड्रॉवरमध्ये गेला असता, आणि तिथे त्याने आधीच तीन-चार वर्षं काढली होती. छापील अक्षरात आपलं काम पाहण्याची भूक काय असते, हे लिहिणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझी पहिली कादंबरी स्वीकारली गेली तेव्हा कराराचा कागद समोर आला. कर्जविभागात काढलेल्या वर्षांच्या सवयीने मी तो शेवटच्या पानापासून वाचला. क्लीव्हलंडच्या दोन पोरांना अशी सवय कोण लावणार होतं?

जून १९३८ ही तारीख असलेला 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक बाजारात आला. किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटणारा सुपरमॅन. त्या पहिल्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं, तो लांब उड्या मारी. तो परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो धडा शिकवी, निरपराध बाईला मृत्युदंडापासून वाचवी, लाचखाऊ राजकारण्याला घाम फोडी. मंदीत पिचलेल्या माणसांना असाच कोणीतरी हवा होता. जानेवारी १९३९ पासून तो वृत्तपत्रांत आला, १९४० मध्ये रेडिओवर, १९४१ मध्ये पडद्यावर व्यंगपटात. पोरांच्या कपड्यांपासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांवर तो विराजमान झाला.

या काळात सीगल-शुस्टर उपाशी होते असं सांगणं खरं होणार नाही. कंपनीने त्यांच्याकडूनच काम करवून घेतलं, त्यांना चांगले पैसे दिले, क्लीव्हलंडला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला, मदतनीस चित्रकार आले. पहिल्या दहा वर्षांत दोघांना मिळून चार लाख डॉलरवर रक्कम गेली, असा कंपनीचा हिशेब होता. त्या काळात ही मोठीच रक्कम. पण तो मेहनताना होता, भागीदारी नव्हती. झाड ज्याने लावलं त्याला फळं तोडण्याची मजुरी मिळत होती. मजुरी चांगली होती इतकंच. आणि मजुराला घरी पाठवता येतं.

ठिणगी पडली ती सुपरबॉयवरून. सुपरमॅनच्या पोरवयाच्या गोष्टी लिहाव्यात, अशी कल्पना सीगलने कंपनीला पूर्वीच दिली होती आणि कंपनीने ती बाजूला ठेवली होती. १९४३ मध्ये सीगल सैन्यात भरती झाला आणि त्याची रवानगी हवाईला झाली. तो तिकडे असतानाच १९४५ च्या आरंभाची तारीख असलेल्या अंकात सुपरबॉय छापून आला. त्याला न विचारता. युद्ध संपवून परतलेल्या सीगलने १९४७ मध्ये शुस्टरसह कंपनीवर दावा लावला. १९४८ मध्ये निकाल आला. सुपरमॅनची विक्री कायदेशीर, तो कंपनीचाच. सुपरबॉय मात्र सीगलचा. शेवटी तडजोड झाली. सुमारे ९४ हजार डॉलर घेऊन दोघांनी सुपरबॉयसकट सगळ्यावरचा हक्क सोडला. त्यातला मोठा वाटा वकिलांकडे गेला. कामही गेलं. आणि सुपरमॅनच्या प्रत्येक गोष्टीवर छापली जाणारी त्यांची नावं काढून टाकली गेली.

मला या सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट सर्वांत जड वाटते. पैशाचा वाद समजतो. पण नाव काढून कंपनीचा एक डॉलरही वाचणार नव्हता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सीगलची जोअॅनशी पुन्हा गाठ पडली. त्याचं पहिलं लग्न मोडलं होतं. ऑक्टोबर १९४८ मध्ये दोघांनी लग्न केलं. चित्रातल्या सुपरमॅनला लोइस लेन मिळायला पुढे अनेक दशकं लागली. त्याच्या लेखकाला ती तेव्हाच मिळाली, तीही सर्वांत पडत्या काळात. नवी विनोदी चित्रकथा काढून पाहिली, ती चालली नाही. मिळेल ते लिहायचं, मिळेल तेवढं घ्यायचं, असा संसार सुरू झाला. एक मुलगी झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सीगल त्याच कंपनीच्या दारात परत गेला. पानाच्या दराने सुपरमॅन लिहायचा, नाव येणार नाही, ही अट.

स्वतःच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी, ओळख न दाखवता, शिकवणी द्यायला जावं तसं हे. पण या निनावी वर्षांत त्याने जे लिहिलं त्यात उत्तम कथा आहेत. १९६१ मध्ये त्याने सुपरमॅनच्या मृत्यूची एक काल्पनिक गोष्ट लिहिली, ती वाचकांच्या कायमची लक्षात राहिली. ती लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे मी सांगू शकत नाही. गोष्टीवर त्याचं नाव नव्हतं, एवढंच नोंदवतो.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांचा असे आणि त्यानंतर त्याचं नूतनीकरण करता येई. ती मुदत १९६६ मध्ये येत होती. नूतनीकरणाचा हक्क मूळ निर्मात्यांचा, असा दावा सीगलने मांडला आणि कंपनीतलं काम पुन्हा सुटलं. खटला चालला. १९७४ च्या अखेरीस अपील न्यायालयाने सांगितलं की १९३८ च्या कागदात त्यांनी सगळंच देऊन टाकलं होतं, नूतनीकरणाचा हक्कसुद्धा. तोच कागद, तीच सही. सीगल तेव्हा साठीला आलेला, हृदयाचं दुखणं जडलेला. लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी आयोगाच्या कचेरीत तो टंकलेखक-कारकून होता, पगार वर्षाला साडेसात हजार डॉलर. शुस्टर न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होता, जवळजवळ अंध.

१९७५ मध्ये बातमी आली की सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट निघणार आहे. सीगलने टाइपरायटर पुढे ओढला आणि आपली सगळी कर्मकहाणी लिहून वर्तमानपत्रांना पाठवली. पत्र लांबलचक आणि कडवट होतं, त्यात चित्रपटाला चक्क शाप दिला होता. ज्याच्याकडे कोर्टाची पायरी उरली नाही, वकिलाची फी उरली नाही, त्याच्याकडे एवढंच उरतं. पण या वेळी ते कामी आलं. नील अॅडम्स नावाचा तरुण चित्रकार आणि व्यंगचित्रकारांच्या संघटनेतला जेरी रॉबिन्सन यांनी हे प्रकरण अंगावर घेतलं. दूरदर्शनवर, वर्तमानपत्रांत दोन थकलेली माणसं देशाने पाहिली. मालक असलेल्या वॉर्नर कंपनीवर कायद्याने एक पैसा देण्याचं बंधन नव्हतं. पण सुपरमॅनचा चित्रपट काढायचा आणि त्याचे जन्मदाते उपाशी, हे लोकांना कसं सांगणार? डिसेंबर १९७५ मध्ये, नाताळच्या तोंडावर, तडजोड झाली. प्रत्येकाला वर्षाला २० हजार डॉलर तहहयात पेन्शन, औषधपाण्याचा खर्च आणि सुपरमॅनच्या प्रत्येक पुस्तकावर, चित्रपटावर निर्माते म्हणून दोघांची नावं.

पेन्शनीचा आकडा कंपनीच्या मिळकतीपुढे क्षुल्लक होता, आणि तो पुढे वाढवलाही गेला. पण नावाच्या कलमासाठी रॉबिन्सनने शेवटपर्यंत ताणून धरलं होतं, हे महत्त्वाचं. डिसेंबर १९७८ मध्ये चित्रपट झळकला तेव्हा श्रेयनामावलीत सीगल आणि शुस्टर ही नावं पडद्यावर आली.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. लेखकाने हक्क विकून टाकले तरी कृती माझी आहे, असं सांगण्याचा त्याचा अधिकार जात नाही, असं ते म्हणतं. वस्तू विकता येते, बापपण विकता येत नाही, एवढा साधा त्याचा अर्थ. हे कलम म्हणजे रामबाण आहे असं नाही. लेखक-कवींचे हाल आपल्याकडेही कमी झालेले नाहीत. तरी ते कागदावर आहे. सीगलला १९४८ मध्ये असा आधार मिळाला असता, तर पैसे हरूनही त्याला नाव हरावं लागलं नसतं.

जो शुस्टर १९९२ मध्ये गेला. जेरी सीगल २८ जानेवारी १९९६ ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. अमेरिकेच्या नव्या कायद्याने निर्मात्याच्या वारसांना जुनी विक्री रद्द करण्याची मुभा दिली होती. तिच्या आधारे जोअॅनने आणि मुलीने पुन्हा लढा दिला. २००८ मध्ये एका न्यायाधीशाने त्यांच्या बाजूने कौलही दिला. जोअॅन २०११ मध्ये गेली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की वारसांनी २००१ मध्ये तडजोडीला होकार दिला होता, तोच बंधनकारक. पुन्हा एक कागदच आडवा आला.

तो ४१२ डॉलरचा चेक मात्र जपून राहिला. २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला, १ लाख ६० हजार डॉलरला. १० सेंटच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. क्लीव्हलंडमध्ये सीगल राहत असे ते घर चाहत्यांनी वर्गणी काढून २००९ मध्ये दुरुस्त करून घेतलं. शुस्टर राहत होता ती इमारत पाडली गेली आहे, पण त्या जागेच्या कुंपणावर पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावली आहेत.

१ जानेवारी २०३४ ला १९३८ च्या त्या पहिल्या अंकावरचा अमेरिकेतला कॉपीराइट संपेल. त्या अंकातला मोटार उचलणारा, लांब उड्या मारणारा सुपरमॅन तेव्हा कोणाच्याच मालकीचा राहणार नाही. ज्या हक्कासाठी एवढी कोर्टकचेरी झाली, त्याची मुदत अशी कॅलेंडरच्या एका पानाने सरेल. नावाला मात्र मुदत नसते. मुलं सुपरमॅनचा सिनेमा लावतील तेव्हा श्रेयनामावली सुरू होताच उठू नका, जरा बसून वाचा. एका ओळीत दोन नावं येतील, आणि आता ती बरोबर स्पेलिंगने लिहिलेली असतात.